वीस डॉलरच्या नोटेवरची मेरी रीबी : 'मोकळी आले' असं तिने का लिहिलं असेल?

रानजाई

सासूबाई सहा महिन्यांसाठी सिडनीला आल्यात. परवा पॅरामॅटात भाजी घेताना मी पैसे काढले, तर वीसची नोट हातात घेऊन म्हणाल्या, "ही चष्मेवाली कोण गं? यांची आधीची राणी का?"

"राणी नाही आई. घोडा चोरला म्हणून हिला इथे पाठवलं होतं. पकडली तेव्हा तेरा वर्षांची होती."

घरी येईपर्यंत त्यांनी ती नोट पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली. मग चहा घेताना सगळं सांगायला लावलं, आणि सांगता सांगता मी एका जागी अडले. म्हणून हा धागा.

थोडक्यात हकिकत. मॉली हेडॉक (हीच पुढे मेरी रीबी), जन्म १७७७, इंग्लंडमधल्या लँकेशायरात बरी गावी. आईवडील लहानपणीच गेले, आजीने वाढवलं. ती घरातून पळाली, मुलाचे कपडे घातले, जेम्स बरो असं नाव सांगू लागली. १७९० मध्ये घोडाचोरीत सापडली. खटल्यात कळलं की हा मुलगा नाही, मुलगी आहे. सात वर्षांची हद्दपारी झाली. 'रॉयल ॲडमिरल' जहाजातून ऑक्टोबर १७९२ मध्ये ती सिडनीला पोचली, तेव्हा वय पंधरा. सतराव्या वर्षी थॉमस रीबीशी लग्न केलं. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला आयरिश तरुण. दोघांनी हॉक्सबरी नदीकाठी शेती केली, मग गव्हाची आणि कोळशाची वाहतूक, स्वतःची जहाजं. १८११ मध्ये नवरा वारला, आणि महिनाभरात धंद्यातला भागीदारही. ही तेहतीस वर्षांची, पदरात सात मुलं. सगळा व्यापार एकटीने ओढला आणि वाढवला. १८१६ च्या सुमारास तिची मालमत्ता २०,००० पौंडांची धरत. १८१७ मध्ये बँक ऑफ न्यू साउथ वेल्स ही तिथली पहिली बँक उघडली, ती मॅक्वारी प्लेसमध्ये तिच्याच भाड्याच्या घरात.

आता माझा प्रश्न. १८२० मध्ये ती दोन मुलींना घेऊन इंग्लंडला गेली आणि पुढच्या वर्षी परत आली. १८२८ च्या जनगणनेत तिने स्वतःपुढे लिहिलं : मोकळी आले, १८२१. म्हणजे कैदी म्हणून नाही, स्वतंत्र माणूस म्हणून.

हे खोटं म्हणायचं की खरं?

गलबत

वाचतोय. त्या जनगणनेत रकाने काय होते? तिला खरं म्हणजे काय लागू होतं?

रानजाई

@गलबत, प्रत्येकाच्या नावापुढे अक्षरं असत. वसाहतीत जन्मलेला, मोकळा आलेला, शिक्षा भोगून मोकळा झालेला, सशर्त माफी, पूर्ण माफी, रजेचं तिकीट (तिकीट ऑफ लीव्ह, म्हणजे शिक्षा चालू असतानाच स्वतः कमावून राहायची परवानगी) मिळालेला, आणि अजून सरकारी कैदी. नाव, वय, धर्म, जहाज, साल, आणि ही अक्षरं. तिची सात वर्षं १७९७ मध्येच संपली होती. म्हणजे 'शिक्षा भोगून मोकळी' ही तिची ओळ.

कोकणकडा

सरळ खोटं आहे. गोड खोटं म्हणा हवं तर. :)

धागा मात्र झकास. वाखुसा (वाचनखूण साठवली).

दप्तरदार

खोटं ठरवण्याआधी तिला कुठे आणि कसं आणलं होतं ते बघू या.

इंग्लंड आपले कैदी आधी अमेरिकेत पाठवत असे, मेरिलँड आणि व्हर्जिनियाला. १७७५ ला तिथे युद्ध पेटलं आणि ती वाट बंद झाली. तुरुंग भरले. मग टेम्स नदीत जुन्या जहाजांच्या डोलकाठ्या उतरवून त्यात माणसं कोंबली. ती जहाजंही भरली. शेवटी ऑस्ट्रेलियाचा किनारा ठरला. १३ मे १७८७ ला पोर्ट्समथहून अकरा जहाजं निघाली आणि २६ जानेवारी १७८८ ला सिडनी कोव्हला लागली. तेव्हापासून १८६८ पर्यंत सुमारे १,६२,००० माणसं पाठवली, त्यात बायका साधारण २५,०००. गुन्हे बहुतेकांचे चोरीचे. रुमाल, कापडाचा ताका, मेंढी.

१७९० चा दुसरा ताफा माझ्या डोक्यातून जात नाही. कंत्राटदाराला प्रत्येक कैद्यामागे १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स ठरले होते, आणि ते चढवलेल्या डोक्यांवर. किती जिवंत उतरले याच्याशी पैशाचा संबंध नव्हता. म्हणजे वाटेत मेलेल्याचं अन्न वाचलं तर तो कंत्राटदाराचा फायदा. जवळजवळ हजार माणसांतली पाव माणसं वाटेतच गेली. किनाऱ्यावर उतरवलेल्यांतल्या कित्येकांना चालता येत नव्हतं.

मॉली त्यानंतर दोन वर्षांनी आली. तोवर बोभाटा झाला होता, म्हणून ती जगली असंही म्हणता येईल.

कोकणकडा

@दप्तरदार, म्हणजे आपल्याकडचं काळं पाणीच की.

दप्तरदार

@कोकणकडा, एकाच सरकारचं यंत्र, म्हणून साम्य दिसणारच. अंदमानची वसाहत १८५८ ची, सत्तावनच्या उठावानंतरची. तिथेही काही वर्षं काढल्यावर वागणूक बघून कैद्याला तिकीट आणि शेत मिळे. पण आपल्या मनात अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल उभं राहतं, आणि ते बरंच नंतरचं. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या या वसाहतीत, सुरुवातीला भिंतींचा तुरुंग फारसा नव्हताच. समुद्र आणि रान हीच भिंत. कैदी सरकारी कामावर असे, नाहीतर एखाद्या शेतमालकाकडे वाटून दिलेला.

टाचणी

मॉली काय काम करायची ते कुठे मिळतं का? पंधरा वर्षांची पोर उतरली, पुढे काय?

रानजाई

@टाचणी, मिळतं! जहाज लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ ऑक्टोबर १७९२ ला, तिने इंग्लंडमधल्या मावशी-आत्यापैकी एकीला पत्र लिहिलं. इंग्रजीत दोन्ही नात्यांना एकच शब्द, त्यामुळे कोण ते उमगत नाही. ते पत्र सिडनीच्या ग्रंथालयात आहे. स्पेलिंगच्या चुका भरपूर आणि विरामचिन्हं जवळपास नाहीतच. एका दमात सांगितल्यासारखं वाटतं.

मजकूर असा : जागा बरी दिसते. आठवड्याला चार पँटी शिवायच्या आहेत. आठवड्याला एक पौंड तांदूळ आणि चार पौंड डुकराचं मांस मिळणार, शिवाय भाजीपाला. लोक सांगतात मला जन्मभरासाठी आणलंय, पण गव्हर्नर म्हणाले सातच वर्षं. या विचाराने फार दुःख होतं. दोन-तीन वर्षांत निसटायची संधी मिळाली तर बघेन. तोवर या दुर्दैवी स्थितीत जमेल तितकी सुखात राहीन.

सात वर्षं की जन्मभर, हेसुद्धा त्या पोरीला नक्की ठाऊक नव्हतं.

पाणीपुरी_मेलबर्न

आठवड्याला एक पौंड तांदूळ? आमच्या घरी एका रविवारच्या आमटीभाताला तेवढा लागतो. :)

टाचणी

@रानजाई, पत्राबद्दल खूप आभार. मला त्यातलं 'चार पँटी' सोडवत नाही.

माझं नाशकात शिवणकामाचं दुकान आहे. मशीनवर चार पँटी म्हणजे माझी एका दिवसाची गोष्ट. पण त्या काळी शिलाई मशीन नव्हतं. जाड कापड, सगळं हाताने. पायांच्या बाहेरच्या दोन शिवणी, आतल्या दोन, मग बैठकीची शिवण. तिच्यावरच सगळा ताण येतो, म्हणून तिथे उलटी टीप घालावी लागते, धावदोरा चालत नाही. मग कमरेची पट्टी, पुढची फट, काजं, खाली तुरपाई. माझे सासरे हातशिलाईचे कारागीर होते. जाड कापडाच्या एका पँटला त्यांचा सबंध दिवस जायचा, आणि सुई ढकलायला बोटात टोपण घालूनही अंगठ्याजवळचं कातडं निबर झालेलं असायचं. म्हणजे तिचे आठवड्यातले चार दिवस नुसत्या पँटींत. वर ती लिहिते जागा बरी दिसते. घरच्यांना काळजी नको म्हणूनच लिहिलं असणार. मीही लग्नानंतरच्या पहिल्या पत्रात असंच लिहिलं होतं.

गलबत

@टाचणी, हा प्रतिसाद धाग्यातला सर्वात जवळचा वाटला. दंडवत.

ठोकनाणं

अवांतर, पण नोटेवरून विषय निघालाच आहे तर थोडं पैशांबद्दल.

या वसाहतीत सुरुवातीला नाण्यांचा दुष्काळ होता. त्यामुळे रम हेच चलन होऊन बसलं. मजुरी रममध्ये, उधारी रममध्ये. त्यातली पुष्कळशी रम बंगालची, कलकत्त्याहून आलेली. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी तिची मक्तेदारी केली आणि २६ जानेवारी १८०८ ला गव्हर्नर ब्लायलाच पदावरून खाली ओढलं. पुढचा गव्हर्नर मॅक्वारी आला. त्याने १८१२ मध्ये ४०,००० स्पॅनिश डॉलर मिळवले. ती नाणी आली मद्रासहून, 'समरंग' जहाजातून. पण नाणी आली की व्यापारी ती बाहेर घेऊन जाणार. म्हणून प्रत्येक नाण्याच्या मधोमध भोक पाडलं. बाहेरची कडी पाच शिलिंग, आतली टिकली पंधरा पेन्स. भोक पडलेलं नाणं दुसऱ्या देशात कोण घेणार?

भोकं पाडायचं काम कुणाला दिलं असेल? विल्यम हेनशॉल नावाच्या कैद्याला. तो खोटी नाणी पाडल्याबद्दलच इथे आला होता!

आणि १९६६ ते १९९३ या काळातल्या दहा डॉलरच्या नोटेवर फ्रान्सिस ग्रीनवे होता. वास्तुविशारद. त्याला खोटा दस्त केल्याबद्दल फाशी झाली होती, ती बदलून चौदा वर्षं हद्दपारी. मॅक्वारीने त्याच्याकडून सिडनीतल्या उत्तम इमारती उभ्या करून घेतल्या. दस्तात खोट करणाऱ्याचा चेहरा देशाच्या नोटेवर, ही गोष्ट मला मनापासून आवडते. माझ्या संग्रहात ती नोट आहे आणि मी ती पाहुण्यांना हटकून दाखवतो.

माळरान

सगळे प्रतिसाद वाचले. माहिती उत्तम, पण सूर खटकतोय म्हणून लिहितो.

रीबी आणि ग्रीनवे ही बोटावर मोजण्यासारखी माणसं. बाकीच्यांचं काय? मालकाने तक्रार केली की मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून पन्नास फटके. नऊ पदरांचा चाबूक, पाठ फाटायची. दुसऱ्यांदा गुन्हा केला की नॉरफोक बेट नाहीतर मॅक्वारी हार्बर, ही आणखी कडक शिक्षेची ठिकाणं. त्यांची पत्रं ग्रंथालयात नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. हॉक्सबरीकाठची शेती म्हणता ती जमीन दारुग या तिथल्या मूळ रहिवाशांची होती. काठावरचा रताळ्यासारखा कंद हे त्यांचं अन्न, तिथे मका आणि गहू लावला. त्यावरून १७९४-९५ पासून तिथे रक्त सांडलं. सिडनी कोव्ह गॅडिगल लोकांचं. १७८९ च्या देवीच्या साथीत त्या किनाऱ्यावरची माणसं किड्यामुंगीसारखी मेली. आणि १० जून १८३८ ला मायल क्रीकवर निदान अठ्ठावीस विरायाराय माणसं, बहुतेक बायका, पोरं, म्हातारे, दोरीला बांधून नेऊन मारली. खटला झालेले अकराही जण कैदी नाहीतर सुटलेले कैदी. ज्यांना स्वतःला बेड्या घालून आणलं होतं त्यांनी हे केलं. सातजणांना फाशी झाली. त्यांचा म्होरक्या फ्लेमिंग स्वतंत्र माणूस होता, तो निसटला.

तेव्हा 'गरीब पोर, कष्टाने वर आली' एवढंच सांगून थांबू नका.

कोकणकडा

@माळरान, धागा एका बाईबद्दल आहे. दरवेळी सगळा इतिहास कशाला काढायचा?

माळरान

@कोकणकडा, त्या बाईच्या गव्हाची जमीन त्या इतिहासातच आहे, म्हणून.

रानजाई

@माळरान, मान्य. हे मी आईंना सांगितलंच नव्हतं. काल सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हणजे तिला तिच्या घरातून काढलं, आणि तिने दुसऱ्यांना."

बाकीच्यांची पत्रं नाहीत हेही खरं. पण वस्तू आहेत. शनिवारी आम्ही हाइड पार्क बॅरॅक्सला गेलो होतो. ग्रीनवेचीच इमारत, १८१९ ची, सरकारी कामावरच्या कैद्यांना रात्री कोंडायला बांधलेली. तिथे ओळीने हॅमॉक टांगलेत, एकात झोपलं तर शेजारच्याचं कोपर लागावं इतके जवळ. नंतर दुरुस्तीच्या वेळी लाकडी तक्तपोशी उचलली तेव्हा खाली उंदरांची घरटी निघाली. उंदरांनी वर्षानुवर्षं ओढून नेलेलं सगळं कोरडं राहिलेलं. चिंध्या, हाडं, दोरे. त्यातलं बरंचसं कैद्यांनंतर तिथे राहिलेल्या बायकांचं आहे. पण निळ्या पट्ट्यांचा एक कैद्याचा शर्टही तक्तपोशीखालीच सापडला. काचेमागे ठेवलाय. आई त्याच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "खांद्याला ठिगळ लावलंय बघ. नीट लावलंय."

त्या शर्टवाल्याचं नाव कुणाला ठाऊक नाही.

ठोकनाणं

@माळरान, माझा सूर फार हलका लागला असेल तर दिलगीर आहे. तुमचा मुद्दा पटला.

तास्मानसमुद्र

मी होबार्टला पंधरा वर्षं आहे. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण इथे त्याचं उत्तर घरोघर मिळतं.

माझ्या ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलेली गोष्ट. त्यांच्या आजीच्या कपाटात कौटुंबिक बायबल होतं, त्याची पहिली पानं ब्लेडने कापलेली. कुळाची नावं ज्या पानांवर लिहितात ती. आजी वारल्यावर यांनी सरकारी दप्तरात शोध घेतला. तास्मानियाची कैद्यांची दप्तरं फार बारीक आहेत. उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, गोंदण, सगळं. पणजोबांच्या वडिलांच्या डाव्या दंडावर जहाजाचा नांगर गोंदलेला होता, हे त्यांना तिथे कळलं. त्या आता स्वतःच्या दंडावर तोच नांगर गोंदवून आल्यात.

इथे शंभर-सव्वाशे वर्षं लोक हे लपवत होते. बेटाचं नावसुद्धा बदललं. व्हॅन डीमेन्स लँड म्हटलं की कैदी आठवायचे, म्हणून १८५६ पासून तास्मानिया. आख्ख्या बेटाने जे केलं ते मेरीबाईंनी जनगणनेत एका ओळीत केलं. त्यात तिला कोणता दोष देणार?

तिच्या मुलामुलींची लग्नं, व्यापारातली पत, सगळं त्या अक्षरांवर अडत होतं. मॅक्वारी सुटलेल्या कैद्यांना जेवायला बोलवायचा, तर मोकळे आलेले मोठे लोक नाकं मुरडायचे. तो १८२१ मध्ये पदावरून गेल्यावर वारं अजूनच फिरलं.

पाणीपुरी_मेलबर्न

पण बाई भिडस्त नव्हती हं. १८१७ मध्ये एका ऋणकोवर हात उचलला म्हणून कोर्टाने तिला दोषी धरलं होतं. उधारी बुडवणाऱ्यांनो, सावधान!

सातबारा

मी इथे वाचतच असतो, लिहीत नाही. आज लिहितो.

आमचे पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये होते. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं, त्यातले आम्ही. तारेचं कुंपण, दिवसातून हजेरी, गावाला जायचं तर पास. कुणी चोरी केली की नाही हा प्रश्नच नव्हता, जन्म झाला की शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कायदा गेला. माझ्या वडिलांना शाळेत घालताना आजोबांनी आडनाव बदललं. मुख्याध्यापकांनी विचारलं, गाव कोणतं? आजोबांनी मामाचं गाव सांगितलं.

आजोबा खोटं बोलले असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही. त्यांनी सांगितलं म्हणून वडील शिकले आणि मी हे टाइप करतोय.

मेरीने घोडा नेला होता, आमच्या आजोबांनी काहीच नेलं नव्हतं, हा फरक आहेच. पण कागदावर तो शब्द बघून पोटात काय होतं ते आम्हाला कळतं.

टाचणी

@सातबारा, लिहिलंत हे फार बरं केलंत.

कोकणकडा

@सातबारा, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. 'गोड खोटं' म्हणायला नको होतं.

दप्तरदार

आता मला वाटतं ती ओळ खोटी नव्हतीच. १८२० ची हकिकत बघा. मेरीने त्या प्रवासाची रोजनिशी ठेवली होती. ब्लॅकबर्नला ती आजीच्या घरी गेली. जवळजवळ २९ वर्षांनी. घर तसंच, सामान तेच, बहुतेक वस्तू त्याच जागी. पण ती ज्याला ओळखते किंवा जो तिला ओळखतो असं एकही माणूस तिथे नव्हतं.

पैसा होता. नातेवाइकांनी कौतुक केलं होतं. मुली बरोबर होत्या. राहायचं तर राहता आलं असतं. तरी ती परत फिरली आणि 'मरिनर' जहाजाने सिडनीला आली. या वेळी कुणी पाठवलं नव्हतं.

रानजाई

@दप्तरदार, तुमचा प्रतिसाद आईंना वाचून दाखवला. त्या लगेच म्हणाल्या, "मग बरोबरच लिहिलंय की तिने. पहिल्यांदा तिला आणलं होतं. आली ती दुसऱ्यांदा, तिकीट काढून." मी आठवडाभर अडकले होते तिथून त्या एका वाक्यात बाहेर आल्या.

मेरी १८५५ मध्ये न्यूटाउनला वारली. आमच्या घरापासून ट्रेनने अर्धा तास. तिचा नातू पुढे तास्मानियाचा प्रीमियर झाला. रविवारी आईंना घेऊन न्यूटाउनला जाणार आहे. ती नोट अजून त्यांच्या पर्समध्येच आहे, मोडू देत नाहीत.

गलबत

@रानजाई, फोटो टाका. आणि कुणीतरी मेरी ब्रायंटवर धागा काढा. ती १७९१ मध्ये सिडनीहून उघड्या होडीतून नवरा, दोन लेकरं आणि सात कैद्यांसह पळाली आणि थेट तिमोरला पोचली.

दप्तरदार

@गलबत, तुम्हीच काढा. होडी हा तुमचा विषय. तिमोरच्या पुढचं मी लिहितो.